वासराला हगवण लागली की आधी पाणी: ओआरएस, दूध, सलाईन यावर धागा

कुळागर

मिरगाचा पाऊस लागला की आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात गोठ्यागोठ्यातून एकच विचारणा सुरू होते, वासरू हगतंय, काय देऊ. सोसायटीवर दूध घालायला आलेली माणसं तिथंच उभ्याउभ्या औषधं सांगतात, कुणी अमुक गोळी दे म्हणतो कुणी तमुक इंजेक्शन, आणि या सगळ्यात वासराला पाणी पाजायचं कुणाच्या ध्यानात येत नाही. उलट बऱ्याच घरांत पोटाला आराम म्हणून दूध पण तोडतात. मग वासरू आडवं पडतं आणि तेव्हा डॉक्टरला फोन जातो. यंदा तरी हे कमी व्हावं म्हणून धागा काढतोय, ज्यांना जे नक्की माहीत आहे ते लिहा.

हगवणीत वासरू बहुतेक वेळा जातं ते अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे आणि रक्तात आम्ल वाढल्यामुळे. ई. कोलाय असो, रोटाव्हायरस असो, क्रिप्टो म्हणजे क्रिप्टोस्पोरिडियम असो, जंतू कुठला ते कळेपर्यंत थांबायची गरज नाही कारण पाणी भरून काढणं हा उपचार सगळ्यांत तोच आहे, आणि तो डॉक्टर पोचायच्या आधी घरीच सुरू करता येतो.

किती पाणी गेलंय हे बघायला मशीन लागत नाही. मानेच्या बाजूची कातडी चिमटीत धरा, जराशी पिळा, सोडा. दोन सेकंदांच्या आत सपाट बसली तर ठीक. दोन ते पाच सेकंद घडी तशीच राहिली तर वजनाच्या साधारण ६-८ टक्के पाणी गेलं असं धरा, पाचाच्या वर गेली तर ८-१० टक्के. मग डोळा बघा, खालची पापणी हलकेच ओढली की डोळ्याचा गोळा आणि पापणी यांच्यात फट दिसते का. चांगल्या वासरात फट नसतेच, दोनचार मिलिमीटर दिसली तर काम सुरू करायची वेळ झाली, अर्ध्या सेंटीमीटरच्या पुढं गेली तर प्रकरण गंभीर. शेवटी स्वच्छ बोट तोंडात घाला. तोंड ऊबदार आणि ओलं असेल आणि बोट जोरात चोखत असेल तर घरचं ओआरएस पुरतं. तोंड थंड, हिरड्या कोरड्या, चोखत नाही, मान टाकलीय असं असेल तर बाटली घेऊन बसू नका, त्याला शिरेतून सलाईन लागणार, लगेच डॉक्टर बोलवा.

हिशेब असा. २५ किलोचं वासरू, ८ टक्के पाणी गेलं म्हणजे २ लिटरची तूट. शिवाय हगवण चालूच आहे, त्यात दिवसाला लिटरभर तरी जाणारच, जास्त पण जातं. म्हणजे दिवसाला ३ लिटरच्या आसपास ओआरएस, आणि हे दुधाच्या वर, दुधाच्या बदल्यात नव्हे. वजन अंदाजानं धरू नका, घरातल्या वजनकाट्यावर वासरू उचलून उभे राहा आणि आपलं वजन वजा करा. आपल्या गोव्याच्या गावठी श्वेत कपिला गाईचं वासरू जर्सी क्रॉसपेक्षा अंगानं लहान, त्याला हाच आकडा लावला तर चुकेल.

म्हादईकाठ

चांगला धागा कुळागर बाब. एक विचारायचं होतं, आमच्याकडं माणसाला जुलाब झाले की साखर मीठ पाणी देतात तेच वासराला देत आलोय आम्ही, आई तर गुळाचं पाणी देते आणि वर पेजेची निवळ. शहाळ्याचं पाणी पण देतात काहीजण, घरचेच माड आहेत म्हणून. यातलं चालतं का नाही? ओआरएसचं पाकीट आणायला आमच्याकडून वाळपईला जावं लागतं.

गोठाफेरी

मी पशुवैद्य आहे, फोंडा धारबांदोडा भागात फिरतो. म्हादईकाठ यांचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे म्हणून सविस्तर लिहितो.

साखर आणि गूळ नको. आपली रोजची साखर म्हणजे सुक्रोज, ती फोडणारं एन्झाइम वासराच्या आतड्यात नसतं. माणसाच्या बाळाला साखर-मीठ-पाणी लागू पडतं कारण त्याच्याकडं ते एन्झाइम आहे. वासराच्या पोटात ती साखर न पचता पुढं सरकते, आतड्यात पाणी ओढून घेते आणि हगवण वाढते. म्हणजे प्रेमानं पाजलेलं पाणी त्याच्या अंगातलंच पाणी बाहेर काढतं. वासराला ग्लुकोज लागतं, ग्लुकोज पचवावं लागत नाही आणि ते आतड्यातून शोषलं जाताना सोडियमला सोबत घेऊन जातं, सोडियमच्या मागून पाणी जातं. ओआरएस चालतं ते याच गोष्टीवर. ग्लुकोज पावडर घेताना पाकिटामागं साखर लिहिलीय का ते वाचा, चवीच्या पावडरींत पुष्कळदा असते.

पेज पहिल्या तीनचार आठवड्यांत नको, एवढ्या लहान वासराला भाताचा स्टार्च नीट पचत नाही. मोठ्या वासराची गोष्ट वेगळी. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम फार कमी, आणि हगवणीत मुख्य तूट सोडियमची. शिवाय आम्ल वाढलेल्या वासराच्या रक्तात पोटॅशियम आधीच चढलेलं असू शकतं आणि ते हृदयाला धोक्याचं. म्हणून शहाळं हा ओआरएसला पर्याय नाही. काही घरांत कोकमाच्या सोलांचं पाणी पाजतात तेही करू नका, ज्याच्या रक्तात आम्ल वाढलंय त्याला आणखी आंबट कशाला.

आता काय द्यायचं ते. माणसांचं डब्ल्यूएचओ फॉर्म्युल्याचं ओआरएस पाकीट, साधारण २१ ग्रॅमचं, १ लिटर पाण्याचं. छोटं ४ ग्रॅमचं पाकीट २०० मिलीचं असतं, दोन्हीत गल्लत होते, वाचून घ्या. त्या १ लिटरमध्ये खायचा सोडा अर्धा ते पाऊण सपाट चमचा, चमचा म्हणजे औषधाचा ५ मिलीचा. सोडा का, तर माणसांच्या ओआरएसमध्ये सोडियम लिटरला ७५ मिलिमोल असतं आणि आम्ल मारणारा भाग थोडाच, वासराला दोन्ही जास्त लागतं, सोड्यानं सोडियम शंभराच्या वर जातं आणि आम्ल उतरायला मदत होते. बेकिंग पावडर वेगळी, धुण्याचा सोडा वेगळा, ते दोन्ही नकोत. जनावरांसाठीच बनवलेलं इलेक्ट्रोलाइटचं पाकीट मिळालं तर उत्तम, त्यात वरून काही घालू नका.

पाकीट नसेल तर १ लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ साडेतीन ग्रॅम, खायचा सोडा अडीच ग्रॅम, ग्लुकोज २० ग्रॅम. पोटॅशियम क्लोराइड दीड ग्रॅम मिळालं तर घाला. डब्ल्यूएचओचं जुनं ओआरएस याच मापाचं होतं. मीठ मुठीनं टाकू नका, जास्त मीठ मेंदूवर जातं. किराणा दुकानात डिजिटल काटा असतो, तिथं एकदाच मोजून पुड्या बांधून ठेवा, पावसात धावाधाव नको.

दावण

डॉक्टर साहेब बरं झालं लिहिलंत. दुधाचं काय पण? आमचे काका ठामपणे सांगतात हगवणीत दूध म्हणजे विष, पूर्ण बंद करा, आणि खरंच दूध बंद केलं की शेण कमी होतं ना.

कुळागर

शेण कमी होतं कारण पोटात काही जातच नाही. ओआरएसमध्ये पोसण्याइतकी ताकद नसते, दोनतीन दिवस नुसत्या ओआरएसवर ठेवलं तर हगवण थांबलेली दिसेल आणि वासरू उपाशीपोटी खंगेल, आणि आपल्याकडं पावसात गोठ्यात गारठा असतो, अंगात ऊब ठेवायला त्याला दूधच लागतं. दूध वजनाच्या १० टक्के, २५ किलोला अडीच लिटर, तीन वाटण्या करून. आतड्याची झीज पण दुधावरच भरून येते.

फक्त सोडा घातलेलं ओआरएस आणि दूध एकत्र करायचं नाही. चौथ्या पोटात दुधाची गुठळी बनायला आम्ल लागतं, सोडा ते मारतो. मी असं करतो, सकाळी सहाला दूध, नऊ-साडेनऊला ओआरएस, एकला दूध, चारला ओआरएस, सातला दूध, झोपायच्या आधी दहाला ओआरएस. ओआरएस दर खेपेला लिटरभर. दुधात पाणी घालून पातळ करून द्यायचं पण नाही. गाईला लागणारं वासरू असेल तर थोडा वेळ लावून बाजूला घ्या, वेळा वाढवा.

पेडण्याची_बाय

सगळं वाचलं, मला आत्ता मदत हवी आहे. जर्सी क्रॉस कालवड, ९ दिवसांची. कालपासून पिवळट पांढरं पाण्यासारखं चालू आहे, आज सकाळी ओआरएस बाटलीनं दिलं तर चोखतच नाही, बोट पण चोखत नाही. उभी केली तर मागचे पाय लटपटतात दारू प्यायल्यासारखे, लगेच बसते. पण डोळे तेवढे खोल गेलेले नाहीत आणि कातडी पण बऱ्यापैकी लगेच बसते, म्हणून कळेना. सासरे म्हणतात नळीनं ओतूया घशात.

गोठाफेरी

बाय, घशात काहीही ओतू नका. चोखत नाही म्हणजे गिळण्यावर पण भरवसा नाही, ओतलेलं फुप्फुसात जाईल. तोंड वर करून नळीनं पाजल्यामुळे हगवणीतून वाचलेली वासरं न्यूमोनियानं गेलेली मी पाहिली आहेत.

तुम्ही लिहिलंय ते आम्ल वाढल्याचं लक्षण आहे. आठवड्यापेक्षा मोठ्या वासरात हे असं दिसतं, पाणी फार गेलेलं नसतं पण आतड्यातून बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल मारणारा क्षार, गेलेलं असतं, त्यामुळे चोखणं जातं, तोल जातो, झोपाळू होतं. त्याला शिरेतूनच लागेल, रिंगर लॅक्टेट सलाईन आणि सोबत बायकार्ब, किती ते तुमचे डॉक्टर बघून ठरवतील. त्यांना फोनवर हेच सांगा की चोखत नाही आणि उभी राहत नाही, म्हणजे ते तयारीनं येतील. दवाखान्यात फोन लागत नसेल तर १९६२ लावा, फिरत्या पशुदवाखान्याची गाडी असते.

तोपर्यंत गुदद्वारात थर्मामीटर लावा, कडेला टेकवून, शेणात खुपसून नव्हे. चांगल्या वासराचं १०१.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, किती येतं ते लिहा. कोरडं करा, गोणपाटानं पुसा, कोरड्या पेंढ्यावर ठेवा, वर गोणपाट घाला. छातीवर बसवा, कुशीवर पडू देऊ नका.

पेडण्याची_बाय

९९.५ आलं. डॉक्टर निघालेत म्हणाले. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पोटाकडं ठेवल्यात.

दावण

बाय धीर धरा. कळवा काय झालं ते.

पेडण्याची_बाय

डॉक्टर येऊन गेले. मानेच्या शिरेतून सलाईन लावलं, त्यात सोड्याचं इंजेक्शन घातलं, हळूहळू दिलं, मी बाटली धरून उभी होते. दुसरी बाटली अर्धी व्हायच्या आत तिनं कान हलवले आणि मुतली, डॉक्टर म्हणाले मुतली म्हणजे किडनी चालू झाली, चांगलं झालं. संध्याकाळी बोट चोखलं, जिभेनं घट्ट धरून ओढत होती. ताप १०१ वर आलाय. आता बाटलीनं ओआरएस द्यायला सांगितलंय, दूध रात्रीपासून थोडं थोडं. डॉक्टर बाब, कुळागर बाब, देव बरें करूं तुम्हा सगळ्यांचं.

गोठाफेरी

फार छान. हगवण अजून दोनतीन दिवस चालेल, त्यामुळे चोखतेय म्हणून ओआरएस थांबवू नका, शेण घट्ट होईपर्यंत द्या. पुन्हा चोखणं मंदावलं तर त्याच तासाला फोन करा.

आणि बाटलीबद्दल सगळ्यांसाठी लिहितो. निप्पलनं चोखून प्यायलं की अन्ननळीची घडी मिटते आणि दूध थेट चौथ्या पोटात जातं, ओतलं तर पहिल्या पोटात जाऊन कुजतं. निप्पलचं भोक मोठं करू नका, डोकं वासरू गाईखाली पितं तेवढंच वर असू दे. पोटात नळी घालणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे, डॉक्टरकडून हातात हात घेऊन शिका मग करा.

रानकेळ

अँटिबायोटिकचं कुणी लिहिलंच नाही. आमच्याकडं हगवण म्हटलं की पहिलं तेच देतात, मेडिकलमधून माणसांच्या गोळ्या आणून कुटून.

गोठाफेरी

मुद्दाम मागं ठेवलं होतं. रोटा, कोरोना हे विषाणू, क्रिप्टो हा परजीवी, यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही आणि ५ ते २० दिवसांच्या वासरांत बऱ्याचदा हेच असतात. पहिल्या चारपाच दिवसांतली धो-धो पाण्यासारखी हगवण ई. कोलायची असू शकते. ताप १०३ च्या वर, शेणात रक्त, नाळ सुजलेली, वासरू मलूल, अशा वेळी आम्ही अँटिबायोटिक देतो, कारण जंतू रक्तात गेल्याची भीती असते. वासरू उड्या मारतंय, दूध पितंय, नुसतं पातळ हगतंय, त्याला काही गरज नाही. उगाच दिलं तर पोटातले चांगले जंतू मरतात आणि हगवण लांबते. कोलिस्टिन तर २०१९ पासून जनावरांना द्यायला देशात बंदीच आहे, जुनी पाकिटं घरात असतील तर वापरू नका. आणि माणसांची जुलाब बंद करायची गोळी अजिबात नको, आतडं थांबतं आणि विष आतच राहतं.

तीन आठवड्यांच्या पुढचं वासरू कुंथत असेल, रक्त आणि आव पडत असेल तर कॉक्सिडिया हा आतड्यातला परजीवी असू शकतो, त्याचं औषध वेगळं, शेण तपासून घ्या. तपासणीसाठी ताजं शेण स्वच्छ डबीत घ्या, जमिनीवरचं खरवडून नको.

म्हादईकाठ

आईला साखरेचं सांगितलं, पटलं तिला. पण ती म्हणते आमच्या लहानपणी एवढी हगवण नव्हतीच, तेव्हा वासरं गाईबरोबर रानात असायची.

कुळागर

आईंचं म्हणणं बरोबर आहे, एका ठिकाणी ओलीत कोंडलेली वासरं हीच मोठी अडचण आहे. चिऱ्यांच्या जुन्या गोठ्यांत जमिनीला ओल सुटते, पावसात पेंढा सुकत नाही, एका वासराचं शेण दुसरं तुडवतं आणि तेच तोंडात जातं. मी आजारी वासराला पडवीच्या टोकाला वेगळं बांधतो, त्याची बाटली वेगळी, आणि चांगल्या वासरांना आधी पाजून मग आजाऱ्याकडं जातो, उलट नाही. जमीन सुकवून चुना मारतो. क्रिप्टोच्या अंड्यांना ब्लीचिंग पावडरीचं काही वाटत नाही, उकळतं पाणी आणि कोरडं ऊन हेच लागतं, म्हणून एखाद दिवस उघाड मिळाली की पाट्या, बादल्या सगळं उन्हात. आणि हा क्रिप्टो माणसाला पण लागतो, पोरं वासरांना कुरवाळतात, हात साबणानं धुवून घ्या त्यांचे.

पण सगळ्यात आधी चीक, म्हणजे व्यायलेल्या गाईचं पहिलं दूध. आपल्याकडं अजून कितीतरी घरांत गाईची वार (जार) पडेपर्यंत वासराला कासेला लावत नाहीत. वार पडायला कधी सहा तास कधी बारा, आणि चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं वासराच्या आतड्यातून रक्तात जायची वाट जन्मल्यापासून दर तासाला बंद होत जाते, २४ तासांनी जवळजवळ बंद. वारेचा आणि चीक पाजण्याचा काही संबंध नाही, उलट वासरू चोखतं त्यानं वार पडायला मदतच होते. पहिल्या दोन तासांत दीड-दोन लिटर, बारा तासांच्या आत तेवढाच परत. खरवस मला पण आवडतो, पण पहिल्या धारेचा चीक शेजारीपाजारी वाटायचा नाही, तो वासराचा. नंतरच्या चिकाचा करा खरवस.

शेळपाट

म्हशीच्या रेडकांना पण हेच सगळं लागू का? आमच्या रेडकाला राखाडी मातीसारखं, घाण वास मारणारं शेण होतंय, पोट नगाऱ्यासारखं. वय तीन आठवडे.

गोठाफेरी

पाण्याचं सगळं तेच लागू. पण तुमचं वर्णन गोलकृमीसारखं आहे, टॉक्सोकॅरा. हे जंत म्हशीच्या दुधातून रेडकात येतात, म्हणून गोठा स्वच्छ असला तरी होतात. रेडकू १० ते १६ दिवसांचं असतानाच पिपराझीनसारखं जंताचं औषध दिलं तर जंत मोठे होऊन अंडी घालायच्या आत संपतात. तुमच्या रेडकाला वजनावर मात्रा लागेल, पोटात जंत खूप असतील तर एकदम मरून आतडं तुंबू शकतं, म्हणून डॉक्टरांना दाखवूनच द्या. आणि पातळ हगत असेल तर जंताच्या औषधाआधी पाणी भरा, सुकलेल्या रेडकाला औषध सोसत नाही.

शेळपाट

उद्याच दाखवतो. एक शेवटचं, ओआरएस कालवून ठेवलेलं किती वेळ चालतं? रात्री परत परत करायला लागतं म्हणून विचारतो.

कुळागर

झाकून ठेवलं तर २४ तास, त्याच्या पुढचं ओतून द्या, ग्लुकोज आहे त्यात, आंबतं. सोडा घातल्यावर उकळू नका, पाणी आधी उकळून कोमट करा मग कालवा. देताना बाटली गरम पाण्यात उभी करून अंगाच्या उबेला आणा, गार दिलं तर पिता पिता थांबतात. आणि शेजारी साधं स्वच्छ पाणी कायम ठेवा, तहान असली की ते स्वतः पितं.

पुड्या मी उद्या सोसायटीवर घेऊन येतो, मोजून बांधल्यात, वाळपई बाजूच्या कुणाला हव्या असतील तर सकाळी साडेसहाला भेटा.